एका शास्त्राला एक खुर्ची

सेंट ऑबिन, व्हरमाँट
२६ मार्च

प्रिय कोरीन,

आम्ही इकडे बरे आहोत, तूही बॉस्टनला बरी असशील. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि त्यात काय दडलंय ते शोधत मी आठवडाभर बसते. म्हणून पत्र.

बर्फ वितळून चिखलाचे दिवस आलेत. परवा माझी गाडी वळणावर रुतली. शेजारच्या डेल कोसेटनं ट्रॅक्टर लावून ओढून काढली आणि वर पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मला चैन नाही. तो माणूस फुकट कधी जांभईसुद्धा देत नाही. मेपलच्या झाडांचा पाक यंदा कमीच निघाला, तरी व्हर्नामावशीनं नेहमीसारखं सगळ्यांना बोलावलं होतं. बर्फावर ओतलेला गरम पाक, सोबत आंबट काकडी आणि डोनट. बाबाही आले होते. बरे आहेत. यंदा गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला तेवढे गेले नाहीत. थंडी फार होती म्हणाले.

आता मुद्द्याचं. मला संशोधनाला पैसे देणाऱ्या निधी मंडळानं बोलावलं होतं. हो, त्याच मंडळानं. सामाईक समितीवर, परीक्षक म्हणून! निमंत्रण वाचून पहिला विचार आला, यांना आता माझ्याकडून काय हवंय? ज्यांनी तीनदा तोंडावर दार आपटलं ते पाट मांडून बोलावतात, तेव्हा ताटात काय वाढलंय ते आधी बघून घ्यावं.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते घोकायची सवयच लागली आहे. आपल्या सरोवराच्या खाडीवर उन्हाळ्यात शेवाळाची हिरवी साय धरते. काठावरच्या इतक्या माणसांच्या नसा झिजून हातपाय का वाळतात, त्या सायीचा याच्याशी काही संबंध आहे का, हे आपण दोघींनी मिळून तपासायचं ठरवलं. पाणी मी बघणार, माणसं तू, नसांची डॉक्टर म्हणून. मंडळाचा पाण्याचा विभाग म्हणाला, हे डॉक्टरांचं काम. आरोग्य विभाग म्हणाला, हे पाण्याचं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी! मग मंडळानं गाजावाजा करून सामाईक समिती काढली, अशाच अर्जांसाठी. आणि नेमकं तेव्हाच तू म्हणालीस, “ताई, माझं नाव काढ. दुसरा डॉक्टर घे. कारण विचारू नकोस.”

मी बर्लिंग्टनचा एक डॉक्टर घेतला. अर्ज पडला. ‘मज्जासंस्थेच्या भागाबद्दल समितीला खात्री वाटली नाही,’ एवढंच कळवलं. मग मावशी एक नवा स्कार्फ मिरवत आली. कोरीननं वॉशिंग्टनहून आणला म्हणे. विचारलं कधी, तर वॉशिंग्टनला समिती बसली होती तोच आठवडा. समितीत नसांचं कळणारं कोण बसलं होतं, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही. तुला फोन केला तर तू म्हणालीस, “त्यावर मला काही बोलता येत नाही.” सरळ माणूस असं बोलतो? मला वाटलं, सख्ख्या बहिणीनं पाचर मारली. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या जेवणालाही मी तुला बोलावलं नाही.

तर मी समितीला गेले. पुढचं लिहिणं नियमाबाहेर आहे, म्हणून नावं गाळते. वाचून झालं की शेगडीत टाक.

टेबलाभोवती प्रत्येक शास्त्राचा एकेक माणूस होता. अध्यक्षबाई फार गोड, आणि इतक्या गोड माणसाचा मला भरवसा वाटत नाही. नियम तुला ठाऊकच आहे. अर्ज आपल्या नात्यातल्या किंवा ओळखीतल्या माणसाचा निघाला की उठून बाहेर जायचं, परत आल्यावर काय ठरलं ते विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक अर्ज आला. अंगणातल्या मातीतून मुलांच्या फुप्फुसांत काय जातं, यावर. मातीवाले गृहस्थ उठले, अर्ज त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा होता. दार लागलं.

“मातीचा भाग कसा वाटतो?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“ते आपले मातीवाले सांगतील ना,” कोणीतरी म्हणालं. “अरे हो, ते तर बाहेर गेले.”

“फुप्फुसांचं काम उत्तम आहे,” समितीतले फुप्फुसांचे डॉक्टर म्हणाले. “मातीतलं मला काय कळतंय?”

“मग मधला गुण देऊ या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “उगाच कोणावर अन्याय नको.”

कोरीन, तिथं मधला गुण म्हणजे सरळ नकार. पैसे फक्त अगदी वरच्यांना मिळतात. मी म्हटलं, “त्यांना आत बोलवा आणि विचारा की!”

“नियमात बसत नाही, डॉक्टर पेल्की.”

“मग नियम बदला! एका शास्त्राला एक खुर्ची मांडता आणि ऐन वेळी तीच रिकामी करता. अर्धा अर्ज पोरका झाला, दिसत नाही का तुम्हाला?”

अध्यक्षबाईंनी पुढचा अर्ज काढला. चहाच्या वेळी मंडळाचे अधिकारी व्हिटलो माझ्याजवळ आले. शब्द मोजून बोलणारा माणूस.

“तुम्ही आता जे बोललात, तेच एकीनं दोन वर्षांपूर्वी आम्हाला लिहून दिलं होतं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या लिहिलं होतं. चांगलं खरमरीत होतं.”

“कोणी?”

“ते सांगितलं तर माझी नोकरी जाईल.” मग माझ्या गळ्यातल्या नावाच्या पट्टीकडे बघत म्हणाले, “रागावण्याची तऱ्हा मात्र एकाच घरातली दिसते.”

“आणि दोन वर्षं तुम्ही काय करत होतात?”

“वकिलांना विचारत होतो.”

आता म्हणे पुढच्या फेरीपासून प्रत्येक शास्त्राचे दोघे बसणार. दोन वेगळ्या शास्त्रांचे परीक्षक अर्ज एकत्र वाचून एकच मत लिहिणार. अर्जावर दोन प्रमुखांची नावं शेजारी शेजारी, वरखाली नाही. मंडळ खरंच सुधारलंय की सुधारल्याचं सोंग आणतंय, देव जाणे. मी ताक फुंकूनच पिणार.

परतीच्या विमानात मी सगळं जुळवत होते. समितीवर बसणाऱ्याचं नाव अर्जावर चालत नाही, म्हणून तू नाव काढलंस. आपल्यासारख्या अर्जांची बाजू समजणारं कोणीतरी आत हवं, असं तुला वाटलं असणार. आणि आपलाच अर्ज आला तेव्हा तू बाहेर बाकावर. असंच झालं असेल. किंवा, माझं मनच असं आहे बघ, व्हिटलोनं माझं तोंड बंद करायला गोड थाप मारली असेल. तू सांगू शकत नाहीस, आणि मी विचारणार नाही. संशय एकदा घरात शिरला की उंदरासारखा असतो, गेला गेला म्हणता फळीमागे खुडबुडतो.

पण पत्र मी यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. तीन पानं झाली, आता लिहिते.

मावशीकडे बाबांच्या हातून पाकाचं भांडं पडलं. मावशी ओरडली, “वेंधळ्या, हातांना काय लोणी लावलंयस का रे?” सगळे हसले, बाबाही हसले. घरी आल्यावर ते शर्टाची बटणं काढायला लागले. एकही निघेना. मी जवळ गेले आणि हात पाहिला. उजव्या अंगठ्याखालचं मांस पार बसलंय.

“हे केव्हापासून, बाबा?”

“गेल्या हिवाळ्यापासून असेल. गळ बांधता येईना.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू तुझ्या भांडणात होतीस,” ते म्हणाले. “आणि कोरीनला कळवू नकोस. ती डॉक्टर होऊन येईल. मला माझी मुलगी यायला हवी आहे.”

मला रडूच आलं. संशय घ्यायची एवढी हौस, तर चुकीच्या ठिकाणी घेत बसले. ज्या खाडीचं पाणी मी बाटल्यांतून प्रयोगशाळेत नेते, तिच्यातले मासे जन्मभर खाल्लेला माणूस रोज माझ्यासमोर जेवत होता, आणि माझा सगळा डोळा तुझ्यावर.

अर्ज पुन्हा पाठवायचा आहे. सही करायची की नाही ते तू ठरव, त्यावरून मी रुसणार नाही. पैसे आले तरी त्यातून जे कळेल ते दुसऱ्या कोणाच्या बाबांसाठी असेल, एवढं मला समजतं. आधी तू ये. कदाचित म्हातारपण असेल, कदाचित साधी शीर दाबली असेल. मला पाणी कळतं, कोरीन. त्या हाताकडे बघून मला काहीच कळत नाही.

मुलगी म्हणूनच ये, तपासणीचं सामान आणू नकोस. त्यांचा हात हातात घेशील तेव्हा तुला कळायचं ते कळेलच. त्यांना बोलू नकोस. मला सांग.

अजून पुरता विश्वास न बसलेली, पण बसथांब्यावर घ्यायला येणारी,

तुझी ताई
अर्डिस