क्लॉज नऊला माझा ठाम विरोध

१४ सप्टेंबर १९८१, सोमवार

कराराचा मसुदा आज युनियनच्या कमिटीत वाचला. तीन वर्षांचा करार. पगारवाढ बरी. मागचा फरक एकरकमी, तोही दिवाळीच्या आत. पण क्लॉज नऊ! सही झाल्या दिवसापासून बदली कामगारांची यादी रद्द. म्हणजे कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या मशीनवर ज्यांना उभं करतात ती साठ-सत्तर पोरं सरळ घरी. दोन दोन वर्षं राबलेली पोरं.

त्यातलाच एक आमचा भिकन, माझ्या बायकोचा, मैनेचा, धाकटा भाऊ. कळवणहून त्याला मीच आणला, साहेबांच्या पाया पडून मीच चिकटवला. आमच्याच दोन खोल्यांत राहतो. कायम झाला की बायकोला आणणार, म्हणून श्रमिकनगरात खोलीसुद्धा बघून ठेवली आहे त्याने. बायको तिकडे लोकांच्या कांद्यात निंदणीला जाते.

युनियनचा सहचिटणीस या नात्याने मी कमिटीत कडाडून विरोध केला. म्हणजे करणारच होतो, तेवढ्यात चहा आला. चहानंतर दुसराच विषय निघाला. हरकत नाही. कमिटीत बोलून होतंय काय? खरी लढाई गेट मीटिंगला. करार सगळ्या सभासदांपुढे येणार, हात वर करून मंजूर-नामंजूर होणार. बदलीवाल्यांना मत नाही, कारण ते सभासद नाहीत. त्यांचा आवाज मीच.

घरी जाहीर करून टाकलं की मी असेपर्यंत क्लॉज नऊ पास होत नाही. मैना म्हणाली, जमणार असेल तरच बोला, उगीच त्याला आशेला लावू नका. बायकांना चळवळीतलं कळत नाही. भिकन नुसता हसला आणि माझं ताट उचलून मोरीत नेलं.

१६ सप्टेंबर

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात जमली: 'बंधूंनो!' पुढचं उद्या.

१७ सप्टेंबर

आमचे जनरल सेक्रेटरी चिमाजीअण्णा लंच टाइमला मुद्दाम माझ्या लेथपाशी आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, खंडेराव, तुम्ही म्हणजे आपल्या युनियनचा वाघ. मग म्हणाले, सातशे घरांत दिवाळी येतेय, साठ पोरांपायी अडवू नका. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, बघू.

'बघू' या शब्दात केवढा दम असतो हे अण्णांना कळलं असेल. चेहरा पडला होता त्यांचा. निदान मला तसं वाटलं.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळीच पांडवलेण्याच्या पायथ्याशी जाऊन भाषणाची रिहर्सल केली. आवाज मोकळा लागतो, चाळीत जमत नाही. 'ही साठ पोरं म्हणजे आपल्या हाताची बोटं आहेत, बंधूंनो!' इथे मूठ वर. दोनदा केलं. शेंगा विकणाऱ्या बाईने विचारलं, भाऊ, एकटेच कोनासंगं भांडून ऱ्हायले? तिला क्लॉज नऊ समजावून सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला आणि शेंगांचे पैसे मागितले. मी शेंगा घेतल्याच नव्हत्या. तरी घेतल्या.

२३ सप्टेंबर, बुधवार

योगायोग बघा. स्कूटरच्या डीलरचं कार्ड आलं. चौऱ्याहत्तर साली नंबर लावला होता, तो आज लागला! दहा ऑक्टोबरच्या आत पैसे भरा, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला. सात वर्षं थांबलेला माणूस मी. पुढच्याला? त्याने काय केलं म्हणून?

पैसे अर्थात फरकाचेच. पण याचा कराराशी काही संबंध नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मी त्या डोक्यात वेगळ्याच ठेवणार आहे.

२४ सप्टेंबर

विचार केला. स्कूटर ही काही चैन नाही. चळवळीला वाहन लागतंच. अंबडला मीटिंग, नाशिकरोडला मोर्चा. सायकलवरून घामाघूम होऊन येणाऱ्या पुढाऱ्याला मॅनेजमेंट हिंग लावून विचारत नाही. स्कूटर घेतली तर त्यात भिकनसारख्यांचाच फायदा.

रंग आकाशी की पिस्ता? जेवताना भिकनलाच विचारलं. तो म्हणाला, दाजी, पिस्ता घ्या, धूळ दिसत नाय. आणि मी रोज पुसत जाईन ना. यानंतर अर्धी भाकरी मी ताटात तशीच ठेवली. मैनेला सांगितलं, भाकरी कडक झालीय. ती म्हणाली, तीच भाकरी भिकन खातोय.

२७ सप्टेंबर, रविवार

गेट मीटिंग शनिवारी, तीन तारखेला, पहिली पाळी सुटल्यावर. भाषण पूर्ण झालं. साडेतीन पानं. ज्येष्ठमध आणला घशासाठी. मैनेने विचारलं, अजून सहा दिवस आहेत, आत्तापासून चघळताय? गळा हे कामगाराचं हत्यार आहे, असं तिला सांगितलं. पूर्वी 'हात' म्हणायचात, असं ती म्हणाली.

भाषणाच्या पाठीमागे स्कूटरच्या हिशोबाची बेरीज केली आहे. दुसरा कागद जवळ नव्हता म्हणून.

२९ सप्टेंबर

भिकनने सगळ्या बदलीवाल्यांत सांगून ठेवलंय की दाजी बोलणार. आज त्यांच्यातला सहादू नावाचा पोरगा गेटवर आडवा आला आणि भर रस्त्यात पाया पडला. नारळ दिला. म्हणाला, आमाला आत घेत नाय, पन आमी समदे कंपौंडाच्या तारेपाशी उभे ऱ्हाऊन ऐकू. मी म्हटलं, अरे उठ, उठ, हे काय. नारळ घरी आणला. मैनेने चटणीला फोडायला घेतला तर मी ओरडलो. का ओरडलो ते सांगता येईना. नारळ फळीवर ठेवला आहे. जेवताना समोरच दिसतो.

भिकनने सगळीकडे सांगायला नको होतं. माझी स्ट्रॅटेजी फुटली.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. सकाळपासून कणकण वाटते. थर्मामीटर लावला, नॉर्मल. थर्मामीटर जुना झालाय. उद्या घरीच झोपावं का? पण मग लोक म्हणतील खंडेराव घाबरला. मी घाबरलेलो नाही, आजारी आहे.

दुपारी भिकनने कपाळाला बाम चोळून दिला. हात फार खरखरीत झालेत त्याचे. मी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे झोप लागली होती.

३ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी सहा

दाढी केली. भाषण खिशात. इस्त्रीचा शर्ट. आज किंवा कधीच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात

सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे लोक काहीच्या काही बोलतील.

अण्णांनी मला टेबलावर, म्हणजे स्टेजवर, आपल्या शेजारी उभं केलं. मानाची जागा. त्यांनी अर्धा तास करार समजावला. क्लॉज आठनंतर त्यांना खोकला आला आणि खोकला थांबला तेव्हा क्लॉज दहा चालू होता. इथे मी हरकत घेणार होतो. पण खोकणाऱ्या माणसाला अडवणं बरं दिसत नाही.

मग अण्णा म्हणाले, आता आपले वाघ खंडेराव दोन शब्द बोलतील. दोनच शब्द! साडेतीन पानांचं भाषण दोन शब्दांत कसं बसवणार? मी माइक घेतला. समोर सगळी आपली माणसं. त्यांचे चेहरे बघितले. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं छप्पर, कुणाचं काय. सगळ्यांना दिवाळीआधीचा फरक दिसत होता. मी म्हटलं, 'बंधूंनो! अण्णांनी जे सांगितलं, त्यात मला भर घालायची नाही.'

याचा अर्थ विरोधच होतो. भर घालायची नाही म्हणजे पाठिंबा नाही. विचार करणाऱ्याला कळेल.

टाळ्या पडल्या. अण्णा म्हणाले, करार मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

आता मुद्द्याचं. माझाही हात वर गेला हे खरं आहे. पण तो मोजणीचा हात होता. सहचिटणीस म्हणून हात मोजणं हे माझंच काम. माणसं मोजायची तर बोट वर करावं लागतं, आणि बोट वर गेलं की हात त्याच्यामागून जातोच. अण्णांनी एकदा इकडून तिकडे नजर फिरवली आणि 'प्रचंड बहुमताने मंजूर' म्हणून घोषणा सुरू केल्या, त्यामुळे मोजणी अर्धवट राहिली. तो अण्णांचा दोष.

कंपौंडाच्या तारेकडे मी बघितलं नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं.

घरी भिकन माझ्याआधी पोचला होता. मैनेने तिथेच विचारलं, हात वर केला म्हणे तुम्ही? मी शांतपणे सांगितलं, मोजत होतो. ती म्हणाली, मोजायला दुसरं कुणी मेलं नव्हतं का? तेव्हा भिकनच म्हणाला, ताई, ऱ्हाऊ दे ना. दाजी मोजत होते, मी पायलं.

बघा. ज्याचं जळतं त्याला समजलं. मी दोनदा भात घेतला, म्हणजे मन स्वच्छ आहे हे दिसावं. रात्रभर ॲसिडिटी होणार बहुतेक.

४ ऑक्टोबर, रविवार

निश्चय: लढा संपलेला नाही. लेबर ऑफिसात अर्ज देणार, क्लॉज नऊविरुद्ध. सहीनिशी. उद्या हाफ डे टाकतो.

६ ऑक्टोबर

काल हाफ डे मिळाला नाही. मागितला नव्हता, पण मिळाला नसताच. आणि कालच करारावर सह्या झाल्या. आता अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. अण्णांनी इतकी घाई करायला नको होती.

भिकनचं गेट पासचं कार्ड आज काढून घेतलं. सगळ्यांचंच घेतलं. मी त्या वेळी संडासात होतो.

७ ऑक्टोबर

फरक मिळाला. घेतला. न घेऊन भिकनचा काय फायदा होता? उलट मी न घेतला असता तर त्यालाच वाईट वाटलं असतं. त्याला म्हटलं, विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे माझी ओळख आहे, शब्द टाकू का? तो म्हणाला, नको दाजी, तुमी आता कुठं कुठं शब्द टाकाल.

त्यात टोमणा नव्हता. मी दोनदा आठवून बघितलं. भिकनला टोमणा मारता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

८ ऑक्टोबर, दसरा

पिस्ता रंगाची स्कूटर दारात. अख्खी चाळ बघायला आली. झेंडूचा हार भिकननेच ओवला, त्यानेच हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मैनेला म्हटलं, बस मागे, काळारामाला जाऊन येऊ. ती म्हणाली, माझे गुडघे दुखतात. तिचं वय बत्तीस आहे. सकाळी तिनेच दोन हंडे पाणी आणलं होतं.

एकटाच जाऊन आलो. आरशात मागचं रिकामं सीट दिसत होतं. लाज वगैरे काही वाटली नाही. नवीन गाडी होती, लक्ष रस्त्यावर ठेवावं लागतं.

११ ऑक्टोबर, रविवार

भिकन गेला.

सकाळीच पिशवी भरून बसला होता. श्रमिकनगरातल्या खोलीवाल्याकडून डिपॉझिट परत घेऊन आला होता, त्यातून मैनेला साडी घेतली, आमच्या पोरांना बिस्किटं. मला म्हणाला, दाजी, मी चालत जातो स्टँडला. मी म्हटलं, असं कसं, गाडी असताना? जबरदस्तीने मागे बसवला. दोन वर्षं तो माझ्या घरी राहिला, निदान स्टँडपर्यंत तरी सोडावं माणसाने. मैना दारातच उभी राहिली. भावाच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं नाही.

त्र्यंबक नाका मागे पडला. मग तो मागून सांगायला लागला. म्हणाला, दाजी, त्या दिशी आमीबी मोजत होतो. तारेच्या बाहीरनं. वर गेलेले हात नाय, ते कोन मोजतं. खाली ऱ्हायलेले मोजत होतो. म्हनलं, आपल्यासाठी कोन कोन उभं ऱ्हायलं ते तरी कळू दे. तर सातशांत दहा जन निघाले. सहादू म्हने, दहाच. मी म्हनलो, अकरा. आमच्या दाजींचा हात मोजायला वर गेलाय, त्यांचं मत खालीच हे. ते हसाया लागले. मी लय भांडलो दाजी, सहादूसंगं तर मारामारीच व्हायची राहिली. शेवटी समद्यांनी अकरा धरले.

गाडीचा आवाज होता, पण ऐकू सगळं आलं.

कळवणची एसटी लागलेलीच होती. तो पाया पडला. मी पाय मागे घेतले, तर त्याला वाटलं, नवीन बूट आहेत म्हणून. खिडकीतून म्हणाला, गाडी जपून चालवा. बस निघून गेली तरी मी तिथेच उभा. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून शिवी घातली तेव्हा हललो. शिवी बरोबर होती.

घरी आलो. मैनेने विचारलं, वाटेत काही म्हणाला का? म्हटलं, काही नाही.

मला लाज वाटते. ॲसिडिटी नाही.

दहाच होते.