फॉर्मवर लिहिलेला तुमचा धंदा

बाबा, गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात धडा घेत होते आणि त्यात ‘कॉब्लर’ हा शब्द आला. तुम्हाला आठवतं का, अकरावीच्या फॉर्मवर तुमच्या धंद्यापुढे मी हाच शब्द लिहिला होता? मराठीत लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला आधी आपली जात दिसली असती, इंग्रजीत नुसतं काम दिसायचं. तुम्ही विचारलंत, “काय लिवलंस गं?” मी म्हटलं, “चपला बनवणारे.” तुम्ही खूश होऊन सही ठोकलीत.

परवा जाडा शब्दकोश उघडला, तर कॉब्लर म्हणजे फक्त दुरुस्ती करणारा, आणि जुन्या काळी तर कसंबसं ठिगळ लावणारा! हा शब्द आला कुठून, ते पंडितांनाही नक्की ठाऊक नाही. नवे बूट घडवणारा तो कॉर्डवेनर. त्याचं नाव स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरातल्या चामड्यावरून पडलेलं. लंडनमध्ये म्हणे कॉब्लरने नव्या चामड्याला हातच लावायचा नाही, असा नियम होता. म्हणजे एवढी शिकलेली मी, तुमचा हुद्दाच खाली आणून बसले.

आणि कसंबसं? तुम्ही? कोपर स्टेशनबाहेर तुम्ही बसायचात तिथे कोणी तुटलेली एकच चप्पल आणली, तर तुम्ही ती हातात घेत नव्हतात. “एका पायानं चालता काय? जोड आणा.” धड चप्पल कुठे झिजलीय ते बघितल्याशिवाय माणूस कसा चालतो ते कळत नाही, असं तुमचं म्हणणं. लोक बडबडत घरी जायचे आणि दुसरी घेऊन यायचे. दिवाळीआधी तर तुम्ही घरातच रापीने नवं कातडं कापून आमचे जोड शिवायचात. त्या वासाने आई करवादायची, मला मात्र तो अजून आवडतो.

हे सगळं मी काल त्याच वर्गात सांगून टाकलं. इतकी वर्षं शिकवतेय, पण पहिल्यांदाच. एका मुलीने विचारलं, “टीचर, मग तुमचे पप्पा नक्की कोण? कॉब्लर की तो दुसरा?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“भारी ना! माझी सँडल तुटलीय, ते असते तर दिली असती.”

“एकच घेऊन गेली असतीस तर ओरडा खाल्ला असतास.”

वर्ग हसला, मीही हसले. दिवसभर फार बरं वाटत होतं, बाबा.

हे पत्र माझ्या वहीतच राहणार, तेव्हा खरं ते लिहिते. सांगायला सुरुवात करण्याआधी मी उठून वर्गाचं दार लावून घेतलं होतं, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.