गालावरचा डाग

३ मार्च
वरच्या मजल्यावर राहायला आलेली बाई तीच आहे! जिन्यात समोरासमोर आलो. डाव्या गालावर भाजल्याचा डाग, थेट कानाच्या पाळीपर्यंत. पन्नास वर्षांपूर्वी फोटो स्टुडिओत बसून, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून हाच डाग मी नाहीसा केला होता. मालकांचा हुकूम, माझं काम. माझं ज्याच्याशी ठरलं होतं तो बोटीवर नोकरीला; तो फोटो स्थळ म्हणून त्याच्याकडे गेला, त्याने होकार दिला आणि मला सोडलं. झालं!

४ मार्च
भाची म्हणते, "मावशी, किती वर्षं तेच उगाळत बसणार? वरच्या आजी लेकीकडे एकट्याच आल्यात. नवरा गेला त्यांचा."
गेला. मला कोण कळवणार, आणि कुठल्या नात्याने? शहात्तराव्या वर्षी मोरीत नळ सोडून रडले. लाज वाटते.

९ मार्च
पाणी किती वाजता येतं विचारायला आली आणि दोन तास बसली. स्वभावाने गोड आहे, तीच तर पंचाईत! बसताना खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. मी म्हटलं, अशी का हो? हसली. "सवय. लग्नाच्या दिवशीच हे म्हणाले, फोटोतली कुठे आहे? मग कायम डावा गाल भिंतीकडे करून जेवायला बसवायचे. चारचौघांत तर नेलंच नाही कधी."
आणि मी जन्मभर तिच्या नशिबावर जळत बसले.

१० मार्च
तिने दोनदा हाक मारली. दार उघडलं नाही.

१४ मार्च
सांगून टाकलं. त्याचं-माझं ठरलं होतं, आणि तो फोटो माझ्याच हातचा. तिने माझाच हात हातात घेतला! "ताई, तुम्ही तुमचं काम केलंत. त्यात तुमचा काय दोष?" मेलीने चार शिव्या तरी द्यायच्या! मी नुसती मान डोलावली.
आता रोज चार वाजता चहाला येते. भाची खूश — "सुटलीस बाई एकदाची!"

१९ मार्च
सुटले कसली! इथेसुद्धा खोटंच लिहिलं.
फोटो जायच्या आधीच त्याचं दोन ओळींचं पत्र आलं होतं — आईने स्थळ आणलंय, मला विसर. आणि मालकांनी बजावलं होतं, "डाग राहू दे. मुलीचे वडील म्हणतात, मुलाने सगळं बघूनच काय ते सांगावं." मालक बाहेर गेले आणि मी डाग पुसला. पाकीटही मीच चिकटवलं. लग्नात त्याची चांगली जिरावी म्हणून. तिचं काय होईल, हे मनातही आलं नाही.
डाग दिसला असता तर तो नाही म्हणाला असता. ती वाचली असती.
चारला येईल. हे ऐकल्यावर पुन्हा यायची नाही. सांगणार आहे.