शैलश्रीच्या ट्रंकेत पोथी नव्हती

मी, नागूबाई काशाप्पा मेत्रे, वय ७१, राहणार मैलूर, बीदर, हे माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर "म्हातारीला भ्रम झाला होता" म्हणणारे कोण निघतील ते मला आजच माहीत आहे. पानं लाल दोऱ्यानं शिवली आहेत. टाका उसवलेला दिसला तर हा कागद खरा धरू नये.

१. घर माझ्या शिलाईच्या कमाईचं, माझ्याच नावावर. पुढची खोली सोडून बाकीचं मुलगा योगीराज याला. मागच्या दिवाळीला तो टेप घेऊन भिंती मोजत होता. विचारलं तर म्हणाला, "रंगाचा खर्च काढायलाव." रंग अजून लागलेला नाही.

२. दीर सिद्धप्पा याला काही नाही. शीख लोक रोजच्या पाठाची लहान पोथी जवळ बाळगतात, तिला गुटका म्हणतात. ती कोऱ्या कापडातच ठेवायची असते. मी चाळीस वर्षं हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन तिच्या पिशव्या शिवल्या. हा गडी माझं नाव सांगून जुन्या लुगड्यांच्या पिशव्या गुरुद्वाऱ्यासमोर विकतो. माझ्या तेराव्याला तो रडेल. रडू द्यावं, पण कपाटाजवळ उभं करू नये.

३. पुढची दुकानाची खोली, मशीन आणि पोथीच्या मापाचे तीन लाकडी ठोकळे सून शैलश्री हिला. का, ते खाली लिहिते.

४. अकरा वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गिऱ्हाईक अमरदीप कौर यांनी त्यांच्या आईची जुनी पोथी पिशवीसाठी माझ्याकडे ठेवली आणि त्या हैदराबादला गेल्या. पानं सुटलेली होती. मी ती वरच्या फळीवर स्वच्छ कापडात ठेवली. चौथ्या दिवशी फळी रिकामी! घरात नवं माणूस एकच, लग्न होऊन सात महिने झालेली सून. मी गल्ली गोळा केली आणि सगळ्यांसमोर तिची ट्रंक उपसली. ती एवढंच म्हणाली, "म्या घेतलं न्हाई, आत्या." ट्रंकेत काही निघालं नाही, तर मी म्हटलं, माहेरी पोचवली असेल. तेव्हापासून किल्ल्या माझ्या कमरेला. गिऱ्हाइकाची पोथी घरात ठेवणं बंद केलं, ठोकळ्यांच्या मापानं शिवू लागले. शैलश्री दुकानात पाऊल टाकत नसे. मला वाटायचं, हिचं मन हिला खातंय.

५. यंदा माघात माझे मालक काशाप्पा गेले. जायच्या आधी दोन दिवस म्हणाले, "ती पोथी म्याच मांजरा नदीत सोडली. पानं फाटलेली, आपल्यात वाहत्या पाण्यात सोडतेत म्हनून नारळ वाहून सोडली." शीख लोक जुनी पोथी पाण्यात सोडत नाहीत. ती गुरुद्वाऱ्यात देतात, तिथं अरदास, म्हणजे प्रार्थना, करून अग्नीला अर्पण करतात.

"मंग ट्रंक उपसताना गप कामून बसलाव?"

"तुज्या तोंडाला भ्यालो."

जन्मभर सगळ्यांवर नजर ठेवली, ह्या एका माणसावर ठेवली नाही.

अमरदीप कौरांना जाऊन सगळं सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "पोथीका मैं देख लेतूं. बहूका तुम देखो."

म्हणून लिहिते. शैलश्रीनं पोथी चोरली नव्हती. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. तोंडानं सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून हे कलम माझ्या तेराव्याला गल्लीसमोर मोठ्यानं वाचावं.

६. काल वकीलबाईंनी कच्चा कागद घरात वाचला. म्हणाल्या, ज्याच्या नावानं काही लिहिलंय त्याची साक्ष घेऊ नका, उद्या कोर्टात संशय निघतो. शैलश्री दारात उभी होती. म्हणाली, "मंग माजी खोली काढा. साक्षीला म्या बसते."

मला लगेच शंका आली, नवऱ्यानं शिकवलं असेल. म्हटलं, "कामून गं? खोली हातची जायलीय."

"तुमी मला चोर म्हनलेलं समद्या गल्लीनं ऐकलं, आत्या. चोर न्हाई म्हनून लिवताना निदान म्या बघते."

मला तिच्याकडे बघवलं नाही. आज तिला समोर बसवून सगळं पुन्हा लिहून काढलं. मशीनसुद्धा नको म्हणाली. कलम ३ रद्द करते, पण खोडत नाही, तिनं काय सोडलं ते दिसावं म्हणून. खोली आता योगीराजला जाईल आणि तो ती मोबाईलवाल्याला भाड्यानं देईल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मैलूर, बीदर. १४ ऑगस्ट २०२५.

लिहून देणार: नागूबाई काशाप्पा मेत्रे (सही व अंगठा)

साक्षीदार १: अमरदीप कौर (सही)

साक्षीदार २: शैलश्री योगीराज मेत्रे (सही). आत्यांनी कलम ५ माझ्यासमोर लिहिलं. मी दोनदा वाचलं.