दोधूच्या नावाची घागर

मी, पितांबर दगा पाटील, धंदा शेती, राहणार रनाळे, तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे आधीच लिहितो, कारण ते ठिकाणावर नाही असे माझा धाकटा भाऊ सुपडू चावडीवर सांगत फिरतो. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक घातलेला नाही. धाक आहे तो आतला. चिंचपाड्याला मिशनच्या डॉक्टरकडे पोट कापून घ्यायला जायचे आहे, आणि मी भ्यालो आहे. मरणाला थोडा. जास्त कशाला, ते कलम चारमध्ये येईल.

१. विहिरीकाठचे शेत मी माझ्या कष्टाने घेतले, वडिलोपार्जित त्यात वीतभरही नाही. ते शेत, राहते घर व दोन्ही बैल माझी सून कमलबाई, म्हणजे दोधूची बायको, हिला पूर्ण मालकीने देतो. तिला मूलबाळ नाही, सबब तिला माहेरी धाडून शेत आपल्या मुलांना मिळावे असे सुपडूचे म्हणणे आहे. अरे वा! दोन वर्षे माझे दुखणे काढले तिने, आणि शेत खाणार तुम्ही? शेतावर सुपडूचा किंवा त्याच्या वारसांचा काडीचा हक्क नाही.

२. सुपडूला वडिलांची पेरणीची तिफण द्यावी. ती मोडकी आहे हे मला ठाऊक आहे. त्यानेच मागून नेली, फण मोडून आणला, आणि वर तोंड करून म्हणाला, 'आशीच व्हती.' तर अशीच घे.

३. दोधूचा नट आवळायचा पाना, जो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला आहे, तो त्याचा पलटणीतला सोबती गफूर इद्रिस यास द्यावा. दोधू माझा एकुलता एक मुलगा. मोट हाकावी तर त्यानेच; थारोळ्यात पाणी सगळे पडायचे, बाहेर थेंब नाही. पण जीव लॉरीत. विसरवाडीला रस्त्याकडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या लॉऱ्या बघायचा, ड्रायव्हरांच्या हाताखाली राबायचा आणि तेलाचे हात घेऊन घरी यायचा. मी ओरडायचो, लॉरीला वैरण कोण घालील रे? हसायचा. नंदुरबारला भरतीवाले आले तेव्हा नाव देऊन आला आणि मग सांगितले. एकदा रजेवर आला. पलटणीत पाण्याची लॉरी चालवतो म्हणाला. 'बा, तठे इहीर नही. मी लॉरी लई जास तव्हय पलटन पानी पेस.' मिसर देशापलीकडच्या वाळवंटात गेला. मागच्या पावसाळ्यात तार आली की लढाईत मारला गेला. एवढेच. देह नाही, राख नाही, अंगावरचे कापड नाही. तारेवर विश्वास ठेवायचा तर किती ठेवायचा?

४. घागर. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरच्या मेलेल्यांची नावे घेऊन नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. ते पाणी त्या माणसाला पोचते. माझी बायको भिकुबाई हिची मी दरवर्षी भरतो. आता अखाजी तोंडावर आली. सुपडूने कुंभाराकडून दोधूच्या नावाची घागर आणून माझ्या ओट्यावर पालथी घालून ठेवली. म्हणतो, 'भाऊ, पोऱ्या गया. घागर भरी टाक, त्याले पानी मिळी.' त्याच्या डोळ्यांत मला माझे शेत दिसते. पण तो बोलला ते खोटे आहे असे तरी कसे म्हणू? कमल म्हणते, 'आबा, घागर भरी म्हंजे आपनच त्याले मारं.' तिने कुंकू पुसलेले नाही.

मला दोन्हींचे भय वाटते. जिवंत मुलाची घागर भरली तर बापानेच त्याला मारला. मेलेल्याची नाही भरली तर ज्याने पलटणीला पाणी पाजले तो त्या वाळूत कोरड्या घशाने फिरतो आहे, आणि त्याला स्वतःच्या घरचा घोट नाही. तांब्या तोंडाशी नेतो आणि तसाच खाली ठेवतो. ओट्यावरून जाताना मी भिंतीकडे तोंड करून जातो.

गफूर हा नंदुरबारच्या इद्रिस कल्हईवाल्याचा मुलगा. दोधूच्याच लॉरीवर होता, उजवा हात गमावून परत आला. मला भेटायला आला की मी शेतात निघून जातो. आज साक्षीला त्यालाच बोलावले आहे, पण विचारायची छाती होत नाही. म्हणून असे ठरवतो की मी गेल्यावर घागर फक्त माझ्या नावाची भरावी, कुंभाराकडे मिळेल ती मोठ्यात मोठी. दोधू तिकडे असला तर बाप त्याला आपल्यातले पाजील. नसला तर कोणी त्याला मेला म्हटलेले नाही. कमलच्या कपाळाला कोणीही हात लावू नये.

हे मी राजीखुशीने लिहिले, वाचले, आणि सही केली.
मुक्काम रनाळे, चैत्र वद्य, शके १८६५, ता. २९ एप्रिल १९४३.
सही: पितांबर दगा पाटील
साक्षीदार: फत्तेसिंग गिरासे, शेजारी
साक्षीदार: गफूर इद्रिस, डाव्या हाताची सही

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच दोघांसमोर.

गफूर सही करून उठला आणि ओट्यावरच्या घागरीपाशी थांबला. कमल दारात होती. मी विचारले नाही, तिनेच विचारले. 'भाऊ, तू पाह्यं का?'

तो म्हणाला, 'पाह्यं, भाभी. वरतून इमानानी बॉम टाका. टाकी फुटनी, समदं पानी त्यान्हा आंगवर पडनं. त्याले माटी दिन्ही तव्हय मी तठेच व्हतू.' मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'आबा, तहान लागीसन नही मरना तो.'

कमल ओट्यावर गेली आणि पालथी घागर सरळ करून ठेवली. म्हणाली, 'आबा, नाव तुम्ही ल्या. मन्हाघाई लेवावनार नही.'

सबब कलम चारमधील घागरीची सूचना रद्द. कपाळाचे वाक्य कायम. डॉक्टरकडे अखाजी झाल्यावर जाईन, पोट तोवर थांबेल. घागर मी भरीन आणि नाव मी घेईन. भय गेलेले नाही. त्या दिवशी तोंडातून निघेल की नाही कोण जाणे, म्हणून इथे एकदा लिहून बघतो.

दोधू पितांबर पाटील.