मस्कतच्या पिस्तुलाला मुलुंडचं कुंकू

मुलुंड (पूर्व)
गुरुवार, २० ऑक्टोबर १९८३

चि. चंद्रप्रकाश यास ताईचे पोटभर आशीर्वाद. (त्यातले थोडे तुझ्या खोलीतल्या त्या केरळी मित्रालाही दे. आमटी तोच करतो असं तू लिहिलं होतंस, तेव्हा तू धडधाकट आहेस ते त्याच्या कृपेने.) तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा पिणं सोडलंस का? सोडलं नसशीलच, पण विचारणं माझं काम आहे. इकडे आम्ही सगळे ठीक. नीलाचा आणखी एक दात पडला, तुझ्या भावोजींची विजार आणखी एकदा उसवून सैल करावी लागली, आणि मी आहे तशीच आहे, कारण मला बदलायला वेळ नाही.

सुरुवातीलाच सांगते, हे पत्र काही मागण्यासाठी नाही. मे महिन्यात तू आलास तेव्हा मी तुला मिक्सर सांगितला होता आणि तू पिस्तूल आणलंस, याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. मी अजून पाट्यावरच वाटते, हात दुखतात, पण ते जाऊ दे. घरात पिस्तूल असलेली या बिल्डिंगमधली मी एकटीच, हा मान काय कमी आहे? परवा वाण्याला सांगितलं तर त्याने तांदूळ निवडून दिले.

तू मस्कतला परत गेल्यावर ते पिस्तुलाचं खोकं महिनाभर कपाटावरच होतं. मग एका रविवारी तुझ्या भावोजींनी ते टीव्हीला जोडलं. (जोडताना टीव्हीचं लाकडी दार निखळलं, ते अजून निखळलेलंच आहे.) पडदा काळा झाला आणि त्यावर एक पांढरा चौकोन उंदरासारखा इकडून तिकडे पळू लागला. तू दाखवलं होतंस तसं पिस्तूल रोखायचं, चाप ओढायचा, नेम बसला की खोक्यातून ‘टुक’ असा आवाज येतो आणि एक गुण मिळतो. एका डावात पंधरा बार. तू तेव्हा मला समजावलंही होतंस, की ताई, पिस्तुलातून टीव्हीकडे काही जात नाही, टीव्हीचा उजेडच नळीच्या तोंडाशी बसवलेल्या भिंगातून पिस्तुलात येतो. मी म्हटलं होतं, परदेशी वस्तू, सगळं उलटंच असायचं. पण ते भिंगाचं मी तेव्हा नीट लक्षात ठेवलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

भावोजींनी आधी मला आणि नीलाला भिंतीशी उभं केलं, सुरक्षित अंतर म्हणून. कॉलेजात एन.सी.सी.त होते ना ते! (एन.सी.सी.त त्यांच्याकडे भांडारातल्या बुटांची जबाबदारी होती हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.) एक डोळा मिटला, श्वास रोखला, पंधरा बार काढले. दोन लागले, त्यातला एक शिंक आली तेव्हा. मग दोष कोणाकोणाचा निघाला म्हणून सांगू? टीव्ही तिरका होता, वीज कमीजास्त होत होती, आणि शेवटी म्हणे माझ्या पोळ्यांचा धूर पडद्याच्या आड येत होता. मी त्या दिवशी भाकऱ्या केल्या होत्या.

आता मामंजींबद्दल लिहिते, आणि इथे मला थोडं गंभीर व्हावं लागणार आहे. तू त्यांना मे महिन्यात पाहिलंस ना, खिडकीशी खुर्चीत बसलेले? माझे सासरे आधी असे नव्हते रे. एकतीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात विणकर. चार-चार साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभं राहून कुठे एक धागा तुटला तरी त्यांना लांबून दिसायचा. संप सुरू झाला आणि लांबतच गेला, सासूबाई तर आधीच गेलेल्या, मग लालबागची खोली माझ्या धाकट्या दिरांना देऊन ते आमच्याकडे आले, आणि आल्यापासून गप्प. जेवायला बोलावलं की यायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे, पुन्हा खिडकीशी. दिवसातून एकच वाक्य बोलायचे, की भाऊबीज झाली की मी गावाला जातो. गावाला घर आहे, विहीर आहे, माणूस एकही नाही. भावोजी त्यांना थांबा म्हणायचे, पण ते ‘हो’ म्हणून पुन्हा खिडकीबाहेर बघायचे. मला त्या खुर्चीकडे बघवत नसे.

तर जुलैमध्ये एका दुपारी नीला खेळत होती आणि भराभर चुकत होती. मामंजी खुर्चीतून उठले, तिच्या हातातून पिस्तूल घेतलं, ना डोळा मिटला ना श्वास रोखला, आणि पंधरापैकी तेरा! नीला ओरडली, मी लाटणं घेऊन बाहेर आले, तर मामंजी हसत होते. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, “ह्यां काय गो, साच्यातलो धोटो ह्याच्या दुप्पट पळता!” (धोटा म्हणजे साच्यात आडवा धागा घेऊन धावतो तो. आमच्याकडे सगळ्यांना आता हे माहीत आहे, कारण त्या दिवसापासून मामंजींनी आम्हाला गिरणी शिकवली.) रोज चार वाजता खेळ, आणि प्रत्येक ‘टुक’बरोबर एक गोष्ट. कोणत्या साच्याला काय खोड होती, कोणता जॉबर, म्हणजे मुकादम, कोणावर रागवायचा, दसऱ्याला यंत्रांची पूजा कशी व्हायची. बिल्डिंगमधली मंडळी बघायला येऊ लागली. सप्टेंबरात नीलाने विचारलं, “आजोबा, तुम्ही भाऊबीजेला जाणार ना?” तर म्हणाले, “बघू.” चंदू, त्या ‘बघू’साठी मी दत्ताला नारळ बोलले होते.

हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांतराव यांना बघवेना. यांच्या कोणा काकांनी म्हणे कर्जतच्या जंगलात बिबट्या मारला होता. (बिबट्याला ते माहीत होतं की नाही कोण जाणे.) त्यामुळे नेमबाजी आमच्या रक्तातच आहे, असं सांगून त्यांनी मामंजींना आव्हान दिलं, आणि पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी फळ्यावर चक्क नोटीस लावली, ‘दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता, संध्याकाळच्या सिनेमापूर्वी, नेमबाजीचा सामना. चपला बाहेर काढाव्यात.’ सामना आमच्या घरात, नोटीस त्यांची.

रविवारी दसरा. मामंजी पहाटे अंघोळ करून तयार. एकतीस वर्षं दसऱ्याला ज्या हातांनी साचे पुसून त्यांना झेंडूचे हार घातले, त्या हातांना गेल्या वर्षी काहीच काम नव्हतं. या वर्षी होतं. पाट मांडला, त्यावर माझी विळी, भावोजींचा पाना, नीलाची कंपासपेटी, आणि मधोमध तुझं पिस्तूल. सगळ्यांना हळदकुंकू, फूल, अक्षता. गिरणीत धोट्याच्या टोकाला कुंकवाचं बोट लावायची त्यांची पद्धत, कारण काम ते टोकच करतं. तशी त्यांनी पिस्तुलाच्या नळीच्या अगदी तोंडाला ओल्या कुंकवाची दोन बोटं लावली. मी हात जोडून शेजारीच उभी होते. मला फार छान वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. भिंग आठवलं नाही.

चार वाजता घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला मान मामंजींचा. पंधरा बार काढले, एकही ‘टुक’ नाही. मग श्यामकांतराव उभे राहिले, त्यांचेही पंधरा वाया. मग तुझे भावोजी, त्यांचेही वाया. पिस्तुलावर संशय कोणाला आला नाही, कारण भावोजींचं कोणाला नवल नव्हतं आणि श्यामकांतरावांच्या बिबट्यावर आधीपासूनच कोणाचा विश्वास नव्हता. नवल वाटलं ते फक्त मामंजींचं. श्यामकांतराव स्वतःचं शून्य खिशात घालून वर त्यांनाच म्हणाले, “डोळे तपासून घ्या सहदेवराव, वय झालं आता.” मामंजींनी पिस्तूल पाटावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले. सोनं वाटायलाही उठले नाहीत. नीलाने आपट्याची पानं त्यांच्या हातात नेऊन दिली.

सोमवारी सकाळी ते एकटेच जाऊन एस.टी.चं तिकीट काढून आले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं. देवाच्या डब्यात ठेवलंय. मंगळवारी ते देवळात गेले होते, आणि मी पाटावरचं निर्माल्य काढताना बघते तर काय, नळीच्या तोंडावर कुंकवाचा वाळून घट्ट झालेला थर! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आंधळं ते पिस्तूल झालं होतं रे, माणूस नव्हे. मी लगेच ते साफ केलं, आणि मामंजी आल्याबरोबर पिस्तूल त्यांच्या हातात देऊन सगळं सांगितलं. पण झालं असं की ते पिस्तूल आता काही केल्या चालेना. (का, ते विचारू नकोस. नाजूक वस्तू.) नळी स्वच्छ, कुंकवाचा मागमूस नाही, आणि ‘टुक’ही नाही. मामंजींनी ते शांतपणे खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “समजूत घालतंस माझी? असां दे गो. डोळो गेलो माझो.” त्यांना वाटतं कुंकवाची गोष्ट मी रचली. आता त्यांनी ट्रंक खाली काढून पुसून ठेवली आहे.

असो. तू काळजी करू नकोस, आपली तब्येत सांभाळ. आम्ही मजेत आहोत.

तुझी,
ताई (सुलक्षणा)

ता. क. : वर लिहायचं राहिलं असं नाही, लिहायचं टाळलं. पिस्तूल मी मोडलं. कुंकू वाळलेलं होतं, निघेना, म्हणून मी केसातला आकडा काढून खरवडलं. भिंग ‘टक’ करून आत पडलं. आता पिस्तूल हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. (कापसाला पाणी लावून पुसलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी स्वतःला दोन दिवस विचारतेय, तू विचारू नकोस.) आकड्याचं मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही, भावोजींनाही नाही. एन.सी.सी.वरून मी त्यांना इतकी वर्षं जे बोलले, ते सगळं एका दिवसात फेडतील.

ता. क. दुसरा : काही मागणार नाही म्हटलं होतं, पण या वर्षीच्या भाऊबीजेची ओवाळणी मागते. साडी नको, मिक्सरही नको. फक्त मामंजींच्या नावाने एक पत्र लिही, भाऊबीजेच्या आत पोचेल असं. लिही की अशी पिस्तुलं नळीला काही लागलं की बंद पडतात, तिकडेही पडली आहेत, नेम धरणाऱ्याचा त्यात दोष नसतो. आणि लिही की नवीन पिस्तूल पाठवतो आहे, पण ते पारखायला चांगल्या डोळ्याचा माणूस लागतो, तेव्हा ते येईपर्यंत मुलुंड सोडू नका. पिस्तूल प्रत्यक्षात पाठवायची मुळीच घाई करू नकोस. येतंय, येतंय, एवढंच दर महिन्याला कळवत राहा. वाट बघणारा माणूस ट्रंक भरत नाही.

ता. क. तिसरा : मोठ्यांच्या दोन ओळींशिवाय आमच्या घरातून पत्र जात नाही, म्हणून शेवटी कोरी जागा सोडली आहे. मामंजी लिहीत असताना मी वरचा भाग दुमडून हाताखाली दाबून धरणार आहे. तू निर्धास्त राहा.

—

चि. चंद्रप्रकाश यांस सहदेवचे अनेक आशीर्वाद. सूनबाईने पत्र फार घट्ट धरले होते, परंतु दूध उतू गेले. मी पत्र वाचले. दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे मला समजते.

मला बरे वाटावे म्हणून ती माझ्याशी खोटे बोलेल, तो तिचा स्वभाव आहे. पण आकड्याची गोष्ट सख्ख्या भावाला उगाच कोण लिहील? म्हणजे कुंकवाचे खरे आहे, आणि माझा डोळा शाबूत आहे. चार दिवस मला अन्न गोड लागत नव्हते. आज लागेल.

मी वाचले हे तिला कळवू नये; पाकीट मी आताच चिकटवून स्वतः टपालात टाकतो. तिने एवढी खटपट केली आहे, ती फुकट जाऊ नये. ती सांगते तसे पत्र आपण मला जरूर लिहावे, मी ते मोठ्याने वाचेन. तिकीट मी उद्याच रद्द करून येतो, ते मात्र ती स्वतः डब्यात बघेपर्यंत तिला सांगणार नाही.

फक्त एका बाबतीत तिचे ऐकू नये. पिस्तूल खरोखर पाठवावे आणि लवकर पाठवावे. श्यामकांतरावांशी सामना व्हायचा राहिला आहे. या खेपेस हार मुठीला घालीन, नळीला बोट लावणार नाही.

आणि सोबत मिक्सरही पाठवावा. तिचे हात खरेच दुखतात.