पुसलेली सीट

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ

पाय गरम पाण्यात घालून लिहितेय. लातूरहून रेणापूरपर्यंत आम्ही तिघी मैत्रिणी चालत गेलो, परत एसटीने. दिवस छान गेला, पण ते मामा डोक्यातून जात नाहीत.

रस्त्याने जो तो मोटारसायकल थांबवून विचारायचा, "गाडी बंद पडली का? सोडू का?" उगीच चालायला निघालोय, हे कुणाला पटेना. नको नको म्हणून कंटाळलो. मग हे मामा आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी गळ्यातल्या गमछ्यानं मागची सीट पुसलीसुद्धा.

"मी फाट्यापर्यंतच हाय. एक तरी बसा माय. आमच्या शिवारातून लेकी पायी जायच्या, बरं न्हाई दिसत."

मी आपली समजावत बसले. व्यायाम, मोकळी हवा, काय काय. त्यांचा चेहरा उतरत गेला. पुसलेली सीट तशीच रिकामी.

नसरीन मुकाट्याने मागे बसली आणि गेली. सुरेखा आणि मी तिथेच तिची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने ती फाट्याकडून उलट चालत येताना दिसली. म्हणजे तिचंच चालणं जास्त झालं.

मी का नाही बसले? सगळं अंतर पायीच जायचं हा नियम मोडला असता म्हणून? नियम तरी कुणी घातला होता?

"इतका वेळ का लागला गं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मामा गावाकडं वळून दिसेनासे होईपर्यंत मी थांबले," नसरीन म्हणाली. "त्यांच्यासमोर कशी मागं फिरू?"